खलनायकाला जीवदान का मिळते? म्हापशातील एका घरगुती कॉमिक्स वाचनालयाचे परीक्षण

म्हापशाच्या बाजारपेठेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका जुन्या कौलारू घराच्या बाहेरच्या खोलीत हे वाचनालय चालते. दारावर पाटी नाही, छापील पावतीपुस्तक नाही आणि वाचनालयाला नावही नाही. सभासद त्याला ‘टीचरांचे कपाट’ म्हणतात, कारण ते चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सारा वाडा टीचर म्हणूनच ओळखतो. गोव्यात वाचनालयांची वाण नाही. पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि तालुक्याच्या गावांतून लहानमोठी वाचनालये वर्षानुवर्षे चालत आलेली आहेत. मात्र अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स एकाच प्रश्नाभोवती क्रमाने लावून ठेवलेले कपाट मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही. सुपरहिरो आपल्या सर्वांत वाईट शत्रूला जिवंत का सोडतो, आणि कधीकधी तर स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला का वाचवतो, हा तो प्रश्न होय. या परीक्षणात सेवेच्या सोयीगैरसोयींविषयी लिहिले आहेच. पण मुख्यतः लिहायचे आहे ते या निवडीविषयी, कारण वाचनालयाचे खरे मोल तिच्यात आहे.

व्यवस्था साधी आहे. अनामत रक्कम एका नव्या खंडाच्या निम्म्या किमतीइतकी असून मासिक वर्गणी माफक आहे, आणि एका वेळी दोन खंड किंवा चार सुटे अंक घरी नेता येतात. प्रत्येक प्रतीला पारदर्शक वेष्टन आहे आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस पुठ्ठ्याचा एक छोटा कप्पा चिकटवलेला आहे. त्या कप्प्यात रेघा आखलेले एक कार्ड असते. कार्डाच्या माथ्यावर टीचरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एकच ओळ लिहिली आहे: ‘सोडले किंवा वाचवले, ते योग्य केले का? कारण लिहावे.’ वाचकाने नाव न लिहिता आपले मत लिहायचे आणि प्रत परत करायची. काही कार्डे दोन्ही बाजूंनी भरली आहेत आणि त्यांना दुसरे कार्ड टाचणीने जोडावे लागले आहे. शाळकरी मुलाच्या ठळक अक्षरातील ‘नाही, मारायलाच हवे होते’ या वाक्याखाली कोणा वयस्क वाचकाने बारीक अक्षरात सात-आठ ओळींचे उत्तर लिहिलेले असते आणि त्याखाली तोच मुलगा पुन्हा आपले म्हणणे मांडतो. मला या वाचनालयात सर्वांत मोलाची वाटली ती ही कार्डे.

कपाटाचा वरचा कप्पा १९३९ आणि १९४० सालच्या अंकांच्या पुनर्मुद्रणांचा आहे. बॅटमॅन पहिल्यापासून कोणाचाही जीव न घेणारा होता, असा समज सर्वत्र आढळतो. तो येथेच दूर होतो. १९३९ मधील ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात, म्हणजे त्याच्या पहिल्याच कथेत, त्याचा ठोसा खाऊन गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडतो आणि अशा माणसाचा असाच शेवट व्हायचा, असे म्हणून तो मोकळा होतो. १९४० मधील ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्याच अंकात जोकर प्रथम अवतरतो आणि अंकातील त्याच्या दुसऱ्या कथेच्या शेवटी त्याने मरावे, अशी मूळ योजना होती. झटापटीत त्याचाच सुरा त्याच्या छातीत घुसतो. पण असा खलनायक एका अंकात संपवणे संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना पटले नाही आणि त्यांच्या सांगण्यावरून शेवटी एक चौकट वाढवण्यात आली, जिच्यात जोकर जगणार असल्याचे कळते. याच एल्सवर्थ यांनी बॅटमॅनने पिस्तूल वापरू नये आणि जीव घेऊ नये, असाही दंडक त्याच सुमारास घालून दिला. नायकाचे व्रत आणि खलनायकाचे आयुष्य ही दोन्ही एकाच मेजावरून निघाली, हे या दोन पुनर्मुद्रणांवरून स्पष्ट होते, आणि टीचरांनी ते लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही. उलट या कप्प्यापासूनच वाचन सुरू करावे, असा त्यांचा आग्रह असतो.

या अंकांच्या कार्डांवर बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला आहे: खलनायक लोकप्रिय असतो, त्याच्यावर अंक खपतात, म्हणून त्याला मारत नाहीत. हे कारण खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते पुरेसे नाही, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. खलनायकाला जिवंत ठेवणे एवढाच प्रकाशकाचा हेतू असता, तर त्यासाठी नायकाने हात पुढे करण्याची काहीच गरज नव्हती. खलनायक नदीत पडला, स्फोटानंतर त्याचे प्रेत सापडले नाही, तुरुंगाच्या भिंतीला भगदाड पडले, असे शेकडो मार्ग लेखकांना उपलब्ध होते आणि ते त्यांनी मुबलक वापरलेही आहेत. तरीसुद्धा चांगले लेखक पुन्हा पुन्हा असा प्रसंग रचतात की, जेथे शत्रूचे मरण नायकाच्या मुठीत आहे, कोणी पाहत नाही, आणि नायक मूठ उघडतो. धंद्याची गरज खलनायक जगला की भागते. नायकाने मूठ का उघडली, हे मात्र कथेलाच सांगावे लागते.

दुसरा कप्पा लहान आहे आणि त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. प्रत्येक कथेत सुष्टांचा विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे, तसेच पोलीस, न्यायाधीश आणि शासन यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काही दाखवू नये, असे त्यात बजावले होते. त्या काळातील नायक गुन्हेगाराला दोरीने बांधून पोलिसांच्या हवाली करतो आणि कथा संपते. गुन्हेगार सुटून पुन्हा आला, तर त्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न त्या चौकटींत कोणी विचारत नाही. याच कप्प्यात खाली टीचरांनी आपल्या लहानपणचे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे काही अंक ठेवले आहेत. १९६४ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेतला वेताळ गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवतो आणि त्याला कायद्याच्या हाती देतो. त्या अंकांची पाने आता हात लावला तरी तुकडा पडेल इतकी कडक झाली आहेत, त्यामुळे ते तेथेच बसून वाचावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

कपाटाचा गाभा म्हणजे तिसरा कप्पा. त्यात स्पायडरमॅनचे १९७३ मधील दोन अंक आहेत, ज्यांत आपली प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा बळी घेणाऱ्या ग्रीन गॉब्लिन या खलनायकाला स्पायडरमॅन मारता मारता थांबतो आणि गॉब्लिन स्वतःच्याच यंत्राने मरतो. नायकाचे हात स्वच्छ राहावेत आणि वाचकाचे समाधानही व्हावे, अशी ही दुहेरी सोय आहे, आणि ग्वेनच्या मृत्यूचे धाडस दाखवणाऱ्या लेखकाने ती घ्यायला नको होती, असे माझे मत आहे. गॉब्लिन पुढे १९९६ मध्ये परत आलाच. पण त्याच्या शेजारी ‘डेअरडेव्हिल’चे जे तीन अंक टीचरांनी एकाच वेष्टनात बांधून ठेवले आहेत, त्यांच्यासाठी मी या वाचनालयाची शिफारस कोणालाही करीन.

हे तीन अंक म्हणजे एकशे एकोणसत्तरावा, एकशे एक्याऐंशीवा आणि एकशे एक्याण्णवावा. फ्रँक मिलर यांच्या या कथा १९८१ ते १९८३ या काळात प्रसिद्ध झाल्या. पहिल्यात बुल्सआय या मारेकऱ्याच्या मेंदूत गाठ झाली असून समोर येणारा प्रत्येक माणूस त्याला डेअरडेव्हिल दिसतो, आणि तो दिसेल त्याला मारत सुटतो. शेवटी तो भुयारी रेल्वेच्या रुळांवर निपचित पडतो आणि गाडी येत असते. डेअरडेव्हिलला काहीही करायचे नसते. फक्त उभे राहायचे असते. तो क्षणभर उभा राहतोही. मग तो त्याला ओढून बाहेर काढतो. यानंतर एक पोलीस अधिकारी त्याला सरळ विचारतो की, हा माणूस पुढे ज्यांना मारील त्यांचे काय? डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक हा व्यवसायाने वकील आहे. तो उत्तर देतो की, बुल्सआयसारख्यांना वेसण घालण्यासाठी समाजाने कायद्याची रचना उभी केली आहे, एका माणसाने दुसऱ्याच्या जिवाचा निकाल स्वतःच्या हातात घेतला की ती रचना ढासळते, आणि बुल्सआयने मरावे असे आपल्यालाही वाटत होते. हे शेवटचे कबूल केल्यामुळे ते उत्तर उपदेश राहत नाही. त्या अंकाच्या कार्डावर जवळजवळ सगळ्यांनी ‘योग्य केले’ असे लिहिले आहे.

दुसऱ्या अंकात बुल्सआय तुरुंगातून निसटतो आणि मॅटचे जिच्यावर प्रेम होते त्या एलेक्ट्राला तिच्याच शस्त्राने ठार करतो. पोलीस अधिकाऱ्याचा प्रश्न असा वसूल होतो. अंकाच्या शेवटी दोघे उंचावर झुंजत असताना बुल्सआय पडू लागतो, डेअरडेव्हिल त्याचा हात पकडतो, आणि या वेळी तो हात सोडून देतो. बुल्सआय मरत नाही. पाठीचा कणा मोडून खाटेला खिळतो. तिसऱ्या अंकात डेअरडेव्हिल रुग्णालयात त्याच्या खाटेशी बसतो, रिव्हॉल्व्हर काढतो आणि आळीपाळीने त्याच्यावर व स्वतःवर रोखून चाप ओढत राहतो. पिस्तुलात गोळी नसते. ती कधीच नव्हती. तो शेवटी सांगतो ते एवढेच की, आता आपल्या दोघांना एकमेकांपासून सुटका नाही.

हे तिन्ही अंक सलग वाचल्यावर जे हाती लागते, ते त्यातील एकेक अंक सुटा वाचून लागत नाही. जीवदान देणे ही एका क्षणाची कृती असली, तरी तिचा हिशेब त्या क्षणी मिटत नाही. ज्या कथेत नायक शत्रूला सोडतो, पुढच्या अंकात सगळे विसरून जातो आणि शत्रूने मधल्या काळात मारलेली माणसे केवळ आकडा म्हणून उरतात, ती कथा दयेविषयी काहीच सांगत नाही. मिलर यांनी हिशेब उघडा ठेवला. पहिल्या अंकातले उत्तर चुकीचे होते असे ते म्हणत नाहीत, पण त्या उत्तराची किंमत कोणी दिली, हे ते वाचकाला विसरू देत नाहीत. पहिल्या अंकाच्या कार्डावर ‘योग्य केले’ लिहिणाऱ्यांपैकी एकाने तिसऱ्या अंकाच्या कार्डावर त्याच निळ्या शाईत लिहिले आहे: ‘अजूनही योग्यच म्हणेन, पण आता ते म्हणताना वेळ लागला.’

चौथा कप्पा बॅटमॅन आणि जोकर यांचा आहे आणि तेथे नेहमी गर्दी असते. १९८८ मध्ये बॅटमॅनचा किशोरवयीन साथीदार असलेला दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जोकरच्या तावडीत सापडला तेव्हा त्याने जगावे की मरावे, याचा कौल प्रकाशकाने वाचकांकडून दूरध्वनीवर मागवला. प्रत्येक फोनला पन्नास सेंट पडत होते. मरावे असे म्हणणारे ५,३४३ आणि जगावे असे म्हणणारे ५,२७१ फोन आले. अवघ्या ७२ फोनांनी त्या मुलाचे मरण ठरले. या प्रकाराची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला मात्र त्यातली एक गोष्ट अधिक अस्वस्थ करते. मुलाच्या जिवावर मत मागवले गेले. त्याला लोखंडी पहारीने बडवणाऱ्या जोकरच्या जिवावर मत मागवण्याचा विचारही कोणाला सुचला नाही. जोकरचे जगणे गृहीतच होते.

हाच मुलगा २००५ मध्ये, जड विनिक यांच्या कथेत, जिवंत होऊन परत आला आणि त्याने वाचकांच्या मनातला प्रश्न बॅटमॅनच्या तोंडावर विचारला. त्याची तक्रार आपल्याला वाचवले नाही, ही नाही. ज्याने आपल्याला मारले तो अजून जगतो कसा, ही त्याची तक्रार आहे. तो सगळ्या गुन्हेगारांना मारा असे म्हणत नाही. फक्त या एकाला, आणि तेही ‘त्याने मला तुमच्यापासून हिरावले म्हणून’, असा त्याचा आशय आहे. बॅटमॅनचे उत्तर असे की, जोकरला मारणे आपल्याला अवघड आहे म्हणून आपण थांबलेलो नाही; ते फार सोपे आहे, आणि एकदा त्या दरीत उतरलो तर पुन्हा वर येणे होणार नाही. अनेकांना हे उत्तर भव्य वाटते. मला ते प्रामाणिक वाटते, पण अपुरे वाटते. त्यात सगळी चिंता स्वतःच्या आत्म्याची आहे. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या हक्काविषयी, किंवा जोकरच्या हातून उद्या मरणाऱ्या अनोळखी माणसांविषयी, त्यात शब्द नाही. डेअरडेव्हिलने समाजाचे आणि कायद्याचे कारण दिले होते. बॅटमॅन आपल्या व्रताचे कारण देतो. व्रत मोडण्याची भीती आणि दुसऱ्याच्या जिवाचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या कथेचे मोठेपण असे की ती जेसनच्या तोंडून हा फरक वाचकाला जाणवू देते, बॅटमॅनला तो उमगो वा न उमगो.

याच कप्प्यातील एका कार्डावर म्हापशाच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका सभासदाने जे लिहिले आहे, त्याने माझ्या विचाराला चांगलीच दिशा मिळाली. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. जोकरचे बोट बॉम्बच्या बटणावर असताना, आणि दुसरा मार्ग नसताना, त्याला ठार करणे या हक्कात बसू शकते. पण तो नि:शस्त्र होऊन बांधला गेला की धोका संपतो आणि हक्कही संपतो. त्यानंतर त्याला मारणे हा खून होय. कॉमिक्सचे लेखक या दोन प्रसंगांची सरमिसळ करतात आणि मग वाचक ‘मारावे की नाही’ असा एकच प्रश्न घेऊन भांडत बसतात. त्या सभासदाने पुढे असेही लिहिले आहे की, जोकर दरवेळी फाशीऐवजी आर्कम या मनोरुग्णालयात जातो याचा दोष बॅटमॅनवर टाकणे चुकीचे आहे. मनोविकलतेचा बचाव आपल्याकडेही कलम २२ मध्ये आहे, तो मान्य करणे न करणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि बचाव मान्य झालेल्या माणसाला सुरक्षित कोंडून ठेवणे हे शासनाचे. बॅटमॅनच्या गॉथम शहरात ही दोन्ही कामे होत नाहीत आणि म्हणून मुखवटा घातलेल्या एका माणसाने जल्लाद व्हावे, अशी मागणी होते.

या टिपणाला मी एवढीच जोड देईन की, न मारणे आणि वाचवणे यांतही अंतर आहे. तिऱ्हाइताने मरणाऱ्याला वाचवलेच पाहिजे, असे बंधन आपला कायदाही सर्वसाधारणपणे घालत नाही. बांधलेल्या जोकरला न मारणे हे कायद्याने ठरवून दिलेले किमान वर्तन आहे. रुळांवरच्या बुल्सआयला ओढून काढणे हे मात्र कायद्याच्या पलीकडचे आहे. तेथे नायकाला कोणी भाग पाडलेले नसते, आणि म्हणून तेथेच त्याची खरी ओळख पटते.

वाचवण्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण पाचव्या कप्प्यात आहे. जॉन बर्न यांच्या ‘फॅन्टास्टिक फोर’मध्ये ग्रह गिळणारा गॅलॅक्टस १९८२ च्या एका अंकात न्यूयॉर्कमध्ये मरणासन्न होऊन कोसळतो आणि या चौघा नायकांचा म्होरक्या रीड रिचर्ड्स त्याला वाचवतो. पुढे गॅलॅक्टस स्क्रल या परग्रहवासी लोकांचा राजधानीचा ग्रह गिळतो आणि १९८४ च्या जानेवारीच्या अंकात रीडवर विश्वाच्या दरबारात खटला चालतो. वाचवणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही कल्पना इतकी जबरदस्त आहे की, अंक हाती घेताना अपेक्षा फार वाढतात. दुर्दैवाने शेवट त्या कल्पनेला साजेसा नाही. ‘इटर्निटी’, म्हणजे मूर्तिमंत विश्वच प्रकट होते, सगळ्यांना क्षणभर गॅलॅक्टसच्या अस्तित्वाचे प्रयोजन उमगते आणि रीड निर्दोष सुटतो. मेलेल्या कोट्यवधी लोकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या साक्षीदारांना युक्तिवादाने उत्तर मिळायला हवे होते. मिळाला तो साक्षात्कार. वाचकाला तर तोही मिळत नाही. या अंकाच्या कार्डावर टीचरांनी स्वतः लिहिले आहे की, परीक्षेत अशा उत्तराला त्यांनी निम्मेच गुण दिले असते. मी त्यांच्याशी सहमत आहे.

त्याच कप्प्यात उलट बाजूही ठेवली आहे. १९८८ मधील ‘सुपरमॅन’च्या बाविसाव्या अंकात सुपरमॅन एका समांतर पृथ्वीवरील सगळी मानवजात संपवणाऱ्या तीन गुन्हेगारांना स्वतः देहदंड देतो, त्यानंतर त्याचे मन ढासळते आणि तो पृथ्वी सोडून अंतराळात निघून जातो. १९९६ मधील ‘किंगडम कम’मध्ये मॅगॉग हा नवा नायक पकडलेल्या जोकरला ठार करतो, न्यायालय त्याला निर्दोष सोडते, लोक त्याचा जयजयकार करतात, आणि सुपरमॅन निवृत्त होतो. जीव घेणाऱ्या नायकांच्या हाती गेलेले जग पुढे कोठे पोचते, हे त्या कथेत विस्ताराने आहे आणि ते वाचकांनी मुळातूनच वाचावे.

शुक्रवारी बाजाराचा दिवस असल्याने आसपासच्या गावांतून लोक म्हापशाला येतात आणि त्या संध्याकाळी वाचनालयात लहानशी चर्चा होते. दिवाळी जवळ आली असताना झालेल्या एका चर्चेत बार्देशातल्याच एका गावातून येणाऱ्या मुलाने विचारले, “टीचर, नरकासुराला आपण दर वर्षी जाळतो. मग तो परत परत येतो कसा?” टीचर म्हणाल्या, “तो येत नाही रे बाबा, आपण त्याला बांधतो.” गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री येथे वाड्यावाड्यांवर नरकासुराचे प्रचंड पुतळे उभे राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि पहाटे ते जाळले जातात. पैसा, कौशल्य आणि जागरण सगळे असुरावर खर्च होते आणि त्याला मारणारा कृष्ण बाजूला राहतो, अशी तक्रार जाणती माणसे नेहमी करतात. जोकरच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. आपण त्याला जाळण्यासाठी जागतो, असे म्हणतो. पण त्याच्या चेहऱ्यावर, दातांवर आणि नखांवर जी मेहनत घेतो ती पाहिली, तर तो परत यावा अशीच आपली इच्छा असते. १९४० मध्ये एल्सवर्थ यांनी जोकरला वाचवले खरे, पण त्यानंतरची सगळी वर्षे त्याला वाचकांनी वाचवले आहे. त्यामुळे ‘बॅटमॅन त्याला मारत का नाही’ असे रागाने विचारणाऱ्या वाचकाने त्या प्रश्नातला आपला वाटाही मोजला पाहिजे, असे मला वाटते.

आता उणिवा. निवड अभ्यासपूर्ण असली तरी ती जवळजवळ संपूर्ण बॅटमॅन, डेअरडेव्हिल आणि सुपरमॅन यांच्याभोवती फिरते. वंडर वुमनचे १९४० च्या दशकातले अंक, ज्यांत पकडलेल्या गुन्हेगारांना एका बेटावर नेऊन सुधारण्याची कल्पना होती आणि ज्यांत पॉला फॉन गुंथर ही शत्रू पुढे नायिकेच्या बाजूने उभी राहते, ते येथे नाहीत. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे मागणे तोंडपाठ असलेल्या मराठी वाचकाला खळाला मारणे आणि खळाला सोडणे यांखेरीज तिसरा मार्ग माहीत असतो. तो मार्ग दाखवणारा कप्पाच नसावा, ही या कपाटातली मोठी पोकळी आहे. वंडर वुमननेच २००५ मध्ये मॅक्सवेल लॉर्ड या खलनायकाची मान मोडली, तो अंकही शेजारी ठेवला तर चर्चेला धार येईल.

दुसरी उणीव भाषेची. इंद्रजाल कॉमिक्सचे मोजके अंक सोडले तर सगळे साहित्य इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकणारी मुले चित्रांवरून कथा जुळवत बसतात. टीचरांनी काही अंकांसोबत मराठी सारांशाची पाने जोडली आहेत, ती उत्तम आहेत. मात्र डेअरडेव्हिलच्या अंकांना ती नाहीत, आणि खरी गरज तेथेच आहे, कारण मॅटचे रुळांवरच्या प्रसंगानंतरचे उत्तर शब्दांशिवाय कळणे शक्य नाही.

पावसाळ्याची अडचण गोव्यात कोणत्याच पुस्तकसंग्रहाला चुकत नाही. जून ते सप्टेंबर या काळात सुट्या अंकांचे वाटप बंद असते आणि फक्त जाड बांधणीचे खंड मिळतात. कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात डांबराच्या गोळ्या आहेत आणि वेष्टनांत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या आहेत, तरीही जुन्या अंकांच्या टाचण्यांना गंज चढलेला आहे आणि मधल्या पानांवर त्याचे तांबूस डाग उतरले आहेत. रीडच्या खटल्याचा अंक सभासदांकडे अडकून राहतो, हीदेखील नेहमीची तक्रार आहे; उशिराबद्दल दंड न घेण्याचे टीचरांचे धोरण उदार आहे, पण निदान त्या एका अंकापुरता नियम कडक करावा, अशी विनंती मी त्यांना केली आहे.

नव्या सभासदाने वरच्या कप्प्यातील १९४० चा अंक प्रथम न्यावा, दुसऱ्या फेरीत डेअरडेव्हिलचे तिन्ही अंक एकत्र न्यावेत आणि जेसन टॉडच्या दोन्ही कथा त्यानंतर सलग वाचाव्यात. कार्डे मात्र अंक वाचून झाल्याशिवाय पाहू नयेत, कारण काहींनी तेथे शेवट लिहून टाकले आहेत. वाचनालय दुपारी विश्रांतीच्या वेळेत बंद असते आणि चारनंतर उघडते. शुक्रवारी ते चर्चेमुळे उशिरापर्यंत सुरू राहते, आणि नवी नोंदणीही त्याच दिवशी केली जाते.